ओळखीचं गाणं विकत घ्यायचं की घडवायचं? एका नागपुरी रोमँटिक कॉमेडीच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा. मे महिन्यात नागपुरातच चित्रित झालेली, दिग्दर्शिकेची पहिलीच मराठी रोमँटिक कॉमेडी. मुलगी गोकुळपेठेत चष्म्याच्या दुकानात काम करते, मुलगा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, शेवटची पळापळ सीताबर्डीच्या मेट्रो इंटरचेंजवर. संकलनाच्या वेळी कच्च्या कटवर नऊ गाजलेली गाणी टाकली: सहा हिंदी, दोन मराठी, एक इंग्रजी. ज्यांनी कट पाहिला ते सगळे खूश, निर्मात्याला मात्र घाम फुटला. आता दिग्दर्शिकेची विचारणा अशी की तीस सेकंदांपेक्षा कमी वाजवलं तर चालतं ना? दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेतलं तर? सगळी गाणी नवी केली तर हाच परिणाम राहील का? आणि वरातीच्या प्रसंगात खरं धुमाल (ढोल-ताशे आणि वर कीबोर्ड असा नागपुरी वरातीचा बँड) वाजतंय, त्यात एक सुपरहिट गाणं आहे, त्याचं काय करायचं?

चित्रपटांचं संगीत-संकलन आणि गाण्यांचे हक्क मिळवून देणं हा माझा धंदा. आधी मुंबईत, आता बराचसा नागपुरात बसून. कायद्याचं आधी उरकतो. ते रुक्ष आहे पण सोपं आहे, खरी डोकेदुखी त्याच्या पुढे आहे.

तीस सेकंदांचा नियम कुठल्याच कायद्यात नाही. आठ सेकंदांचाही नाही, चार मात्रांचाही नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ सालचा, त्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. इतके सेकंद फुकट, असं वाक्य त्यात शोधूनही सापडणार नाही. कलम ५२ मध्ये सवलती आहेत, पण त्या खासगी वापर, समीक्षा, बातमी अशा कामांसाठी. नायक-नायिका फुटाळा तलावावर बसलेत आणि वरून गाणं सुरू आहे, हे त्यात कुठेच बसत नाही. "टपरीवरचा रेडिओ आपोआप लागला होता, आम्ही कुठे लावला?" हेही चालत नाही. प्रसंगात ओघाने मागे दिसणाऱ्या गोष्टींना कायद्याने मोकळीक दिली आहे, पण ती चित्र, शिल्प, इमारत अशा कलाकृतींना. गाण्याला नाही. रेडिओ दिसू द्या, आवाज पुसा.

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक, आणि ते ज्या दिवशी गायलं-वाजवलं गेलं ते रेकॉर्डिंग ही दुसरी. पहिलीसाठी लागतो तो सिंकचा, म्हणजे गाणं चित्राला जोडायचा हक्क, दुसरीसाठी मास्टरचा, म्हणजे ते मूळ रेकॉर्डिंग वापरायचा. हिंदी-मराठी चित्रपटगीतांत बहुतेक वेळा दोन्ही एकाच कंपनीकडे असतात, त्यामुळे पत्र एकच जातं. जुन्या एचएमव्हीचं भांडार आज सारेगामाकडे आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. इंग्रजी गाण्याचं तसं नसतं. मास्टर एका लेबलकडे, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडे, आणि चार जणांनी मिळून लिहिलेलं गाणं असेल तर शब्द-चालीचे तुकडे ते हक्क सांभाळणाऱ्या चार पब्लिशरांकडे. त्यातला एक नाही म्हणाला की बाकी तिघांचा होकार लोणचं घालायला. वर प्रत्येकजण अट घालतो की दुसऱ्याला जास्त दिलंत तर आम्हालाही तेवढेच द्या. पहिल्या चित्रपटासाठी त्या वाटेला जाऊ नका. नऊपैकी इंग्रजी गाणं आजच काढून टाका, एक चिंता मिटली.

दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेतलंत तर मास्टरचा प्रश्न मिटतो, सिंकचा मिटत नाही. इथे लोक कलम ३१-सी पुढे करतात. मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं उलटली की ठरलेली रॉयल्टी भरून कव्हर, म्हणजे तेच गाणं नव्याने गाऊन केलेलं रेकॉर्डिंग, काढता येतं, हे खरं. पण ती सोय फक्त ध्वनिमुद्रणासाठी आहे. चित्राला जोडायचं म्हटलं की परवानगी लागतेच.

आणि एक, कारण नागपुरात हे मला नेहमी ऐकवलं जातं: "सुरेश भट तर आपलेच." आपलेच आहेत, रेशीमबागेतल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे, पण हक्क गावाच्या नावावर होत नाहीत. शब्द आणि चालीवरचा हक्क त्या त्या माणसाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. भट २००३ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांचा हक्क २०६३ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचा किंवा त्यांनी ज्यांना दिला त्यांचा. कवी ग्रेस २०१२ साली गेले, तिथे २०७२. रेकॉर्डिंगची ६० वर्षं वेगळी, ती प्रकाशनापासून मोजायची.

आता खऱ्या मुद्द्याकडे.

तुमचा कट पाहून लोक खूश झाले म्हणता. मी तो पाहिलेला नाही, तरी पैज लावतो की निम्मी खुशी गाण्यांची होती. गाजलेलं गाणं प्रसंगावर ठेवलं की बघणारा स्वतःचं काहीतरी घेऊन येतो. कॉलेजचं गॅदरिंग, बसमधली कॅसेट, कोणाच्या तरी हळदीला झालेला नाच. तो हसतो, हळवा होतो, आणि तुम्हाला वाटतं की प्रसंग जमला. त्यात वाईट काही नाही. लेबल तुमच्याकडून पैसे घेतं ते मुख्यतः याच तयार ओळखीचे, सुरांचे कमी. पण आधी एवढं करा: नऊच्या नऊ गाणी बंद करून कट पाहा, आणि ज्यांनी तो आधी पाहिलेला नाही अशा दोघा-तिघांना दाखवा. जे प्रसंग गाण्याशिवायही उभे राहतात त्यांना गाणं द्यायचं. जे कोसळतात त्यांचं दुखणं लिखाणात किंवा अभिनयात आहे. त्यांना कितीही महागडं गाणं लावलंत तरी ते पडद्यावरच्या दोघांना जवळ आणणार नाही, फक्त वेळ काढून देईल.

कच्च्या कटवरच्या गाण्याची सवय लागते हे खरं, आणि ती मोठमोठ्यांना लागलेली आहे. १९६७ च्या 'द ग्रॅज्युएट'मध्ये सायमन आणि गारफंकेलची आधीच प्रसिद्ध झालेली गाणी संकलनात तात्पुरती लावली होती, आणि दिग्दर्शक माइक निकोल्स यांना दुसरं काही पटेना म्हणून तीच राहिली. त्यांना ते परवडलं. पण त्या उदाहरणातून घ्यायचं ते वेगळंच आहे. ती गाणी पडद्यावर कोणी गात नाही, पात्रं ती सहसा ऐकतही नाहीत. ती नायकाच्या डोक्यातल्या गोंधळाची आहेत. म्हणजे गाणं कोणाचं, हे ठरलेलं होतं.

हाच प्रश्न मी प्रत्येक गाण्याला विचारतो. हे कोण ऐकतंय? दोघं ऐकतायत, एकच ऐकतोय, की फक्त प्रेक्षक? रोमँटिक कॉमेडीत प्रेक्षक नेहमी दोघांच्या पुढे असतो. पोस्टर बघूनच त्याला कळलेलं असतं की हे दोघं शेवटी एकत्र येणार. मजा एवढीच की त्या दोघांना ते कधी कळतं. म्हणून गाण्याने प्रेम झाल्याची दवंडी पिटायची नसते. पात्राला स्वतःबद्दल जे अजून उमगलेलं नाही, ते गाण्याला माहीत असावं लागतं.

यासाठी 'रजनीगंधा' एकदा परत बघा. १९७४, बासू चटर्जी. मुंबईतली टॅक्सी, नायिका आणि तिचा जुना प्रियकर शेजारी शेजारी, बोलणं जेमतेम. वर मुकेशचा आवाज: 'कई बार यूँ ही देखा है'. ओठ कोणाचेच हलत नाहीत. मन तिचं चाललंय आणि आवाज पुरुषाचा आहे, तरी क्षणभरही खटकत नाही, उलट तिचं तिलाच कळत नसलेलं काहीतरी बाहेरून कोणी सांगतंय असं वाटतं. त्याच गाण्यासाठी मुकेशना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गाण्याच्या जोडीला काय आहे? टॅक्सीच्या खिडक्या, रस्ता, एक नजर. तुमच्या चष्म्याच्या दुकानातल्या मुलीसाठी मला असंच गाणं ऐकू येतं, आणि त्याला हिट असण्याची काडीचीही गरज नाही.

इंग्रजी रोमँटिक कॉमेडीवाले दुसऱ्या एका गोष्टीत तरबेज आहेत: दुसऱ्याच कामासाठी केलेलं गाणं आपल्या कथेला असं बसवायचं की लोक त्याचं मूळ विसरतात. 'प्रिटी वुमन' (१९९०) मध्ये नायिका गाडीत बसून निघून जाते तेव्हा लागणारं रॉक्सेटचं गाणं मुळात १९८७ साली स्वीडनमध्ये नाताळचं गाणं म्हणून आलं होतं. चित्रपटासाठी त्यातला नाताळचा दिवस बदलून हिवाळ्याचा केला, एवढंच. ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. 'नॉटिंग हिल' (१९९९) मध्ये नायक बाजारातून चालत जातो आणि त्या एका चालण्यात वर्षभराचे ऋतू उलटतात. वर बिल विदर्सचं १९७१ चं गाणं. कोणी रडत नाही, कोणी कॅलेंडर दाखवत नाही. हे दोन मिनिटांत होतं, कारण गाणंच दोन मिनिटांचं आहे. आपल्याकडे मुखडा, दोन अंतरे, मधलं संगीत असं पाच मिनिटांचं गाणं बनतं आणि मग ते पुरं दाखवायचा मोह होतो. चित्रपटात मुखडा आणि अर्धा अंतरा ठेवा. पूर्ण गाणं ऐकायला यूट्यूब आहेच.

याउलट, गाणं पात्रांच्या तोंडी देण्याची दुसरी तऱ्हा. 'माय बेस्ट फ्रेंड्स वेडिंग' (१९९७) मध्ये रेस्टॉरंटच्या टेबलाभोवती बाकराकचं जुनं गाणं एकजण सुरू करतो आणि हळूहळू सगळं टेबल गाऊ लागतं. १९९९ च्या 'टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू'मध्ये हीथ लेजर शाळेच्या मैदानावर फ्रँकी वॅलीचं १९६७ चं गाणं बँडसकट गातो. दोन्हीकडे गाणं जुनं आहे, प्रेक्षकाला तोंडपाठ आहे, आणि गाणारा व्यावसायिक गायक नाही. बेसूरपणा हाच विनोद, आणि चारचौघांत स्वतःचं हसं करून घ्यायची तयारी हेच प्रेम. ओळखीच्या गाण्याचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते अशा ठिकाणी. शिवाय नट स्वतः गातोय, म्हणजे मास्टरची गरज नाही, फक्त शब्द-चालीचा हक्क लागतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एकच गाजलेलं गाणं विकत घ्या. ते पात्रांच्या तोंडी किंवा बोटांत ठेवा. बाकी सगळी ओळख चित्रपटाच्या आतच तयार करा.

कुठलं गाणं घ्यायचं, हे तुमच्या नायकाच्या धंद्यातूनच येतं. ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला आहे तो. लग्नाच्या रिसेप्शनला तेच ते गाणं त्याला हजारदा वाजवावं लागलं असणार, त्याचा त्याला वीट आला असणार, आणि नेमकं तेच त्या मुलीला आवडत असणार. बघा, अर्धा प्रसंग इथेच लिहून झाला. ती फर्माइश करते, तो तोंड वाकडं करून वाजवतो. शेवटी तेच न सांगता वाजवतो. एका हक्काच्या पैशात दोन प्रसंग. हक्क मागताना मात्र दोन्ही वापर आधीच लिहा, नंतर दुसऱ्यांदा मागायला गेलात तर भाव बदललेला असतो.

पत्रात काय लिहायचं तेही सांगतो. गाणं कुठलं, किती सेकंद, प्रसंगात काय चाललंय, कोण गातंय किंवा वाजवतंय, चित्रपटगृह, ओटीटी, टीव्ही यांपैकी कुठे, भारतातच की जगभर, किती वर्षांसाठी, आणि ट्रेलरमध्ये वापरणार का. जगभर, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी असं मागा, पण परवडत नसेल तर आधी फक्त महोत्सवांपुरता परवाना घेऊन पुढच्या टप्प्याचा दर आजच लिहून घ्या. चित्रपट विकला गेल्यावर दर विचारायला गेलात तर समोरच्यालाही ते कळलेलं असतं. आणि कृपा करून "आम्ही ऑलरेडी शूट केलंय" हे पत्रात लिहू नका. नऊपैकी एखाद्या गाण्यावर सेटवरच ओठ हलवून घेतले असतील, तर ते गाणं सगळ्यात आधी मार्गी लावा. बाकीची बदलता येतील, ते येणार नाही.

फुकटचं हवं असेल तर आपल्या घरात एक खजिना पडून आहे, त्याकडे मराठी चित्रपटवाले फिरकत नाहीत. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र', १८८२. मला विचाराल तर मराठीतली पहिली झकास रोमँटिक कॉमेडी हीच. मुलीचं लग्न भलत्याशीच ठरलंय, प्रियकर संन्याशाच्या वेषात घरात येऊन बसलाय, आणि सगळ्यांना खेळवणारा भाऊ वरून गालातल्या गालात हसतोय. किर्लोस्करांनी पदांसाठी त्या काळच्या लोकांच्या ओठांवरच्या चाली बिनदिक्कत घेतल्या. छापील संहितेत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याची ओळ दिलेली असते. ओळखीच्या गाण्यावर प्रेमकथा चालवायची कल्पना आपल्याला बाहेरून आणावी लागलेली नाही. किर्लोस्कर १८८५ साली गेले, शब्द कधीच मोकळे झालेत. 'नच सुंदरी करू कोपा' हे रुसलेल्या रुक्मिणीला कृष्णाने केलेलं आर्जव. रुसलेल्या मुलीच्या दुकानासमोर तुमचा कीबोर्डवाला हे स्वस्तातल्या रिदमवर वाजवतो, आणि तिच्या आजीलाच ते कळतं, असा प्रसंग मला आत्ता दिसतोय. फक्त एखाद्या नामवंत गायकाचं रेकॉर्डिंग उचलू नका, त्याचा हक्क वेगळा. आणि नंतरच्या एखाद्या संगीतकाराने नवी चाल लावलेली असेल तर तीही टाळा. जुनी चाल नीट तपासून घ्या आणि स्वतः वाजवून घ्या.

आता नव्या गाण्यांचं. संगीतकाराला कच्च्या कटवरची गाणी ऐकवू नका. हे सगळ्यांना पटतं आणि कोणीच पाळत नाही. "असंच, पण वेगळं" असं म्हणून मिळतं ते वेगळंही नसतं आणि असंही नसतं, आणि चाल फारच जवळ गेली तर नोटीस येते ती निराळी. त्याला गाण्याऐवजी माहिती द्या. प्रसंग किती सेकंदांचा, गाणं कोणाच्या मनातलं, सुरू कुठल्या नजरेवर होतं, थांबतं कुठे, मध्ये संवाद आहेत का. लय आकड्यांत द्या. सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रपटात मिनिटाला १२० मात्रांच्या लयीला एक मात्रा बरोबर १२ फ्रेमची, ९६ ला १५ ची, ९० ला १६ ची. अशा लयीत कट मात्रेवर आपोआप बसतो. १०० च्या लयीत १४.४ येतात आणि संकलक दर चार मात्रांनी इकडेतिकडे सरकत बसतो. तुमचा शेवटचा पळापळीचा प्रसंग बर्डीच्या मेट्रो इंटरचेंजवर आहे ना? तिथे १२०. अर्थात याचा फार बाऊ करू नका. प्रत्येक कट मात्रेवर पडला की तो प्रसंग जाहिरातीसारखा दिसू लागतो.

विनोदी प्रसंगात गाणं कधी सुरू करायचं, यावर मी सगळ्यात जास्त भांडलो आहे. वाक्यावर हशा येणार असेल तर त्या हशाला जागा हवी. गाणं लगेच घुसलं की लोक हसू गिळतात आणि ऐकायला लागतात. हशा ओसरू द्या, नंतरच्या नजरेवर गाणं येऊ द्या. आणि संवाद मराठी, गाण्याचे शब्दही मराठी, असं एकाच वेळी चालू ठेवू नका. कान दोन्हीकडे धावतो आणि दोन्ही हातचं जातं. व्यंजनं ज्या कंपनांत स्पष्ट होतात तिथेच गायकाचा आवाज बसलेला असतो, त्यामुळे आवाज कमी करून भागत नाही. संवादाखाली नुसतं वाद्यांचं संगीत ठेवा, बोलणं संपलं की गळा आत घ्या. यासाठी संगीतकाराकडून गाणं एका फाइलमध्ये घेऊ नका. गळा, ताल, तारवाद्यं, बाकी साज वेगवेगळ्या ट्रॅकवर, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये मागा. शेवटच्या आठवड्यात मिक्सिंग करणारा दुवा देईल.

शब्दांबद्दल एक तक्रार आहे, ती तुमच्याबद्दल नाही, एकूणच. नायिका "काऊन बे, फोन काऊन नाही उचलला?" म्हणते आणि पुढच्याच मिनिटाला तिच्या मनातलं गाणं सदाशिव पेठेतल्या चांदण्यात न्हाऊन निघतं. माणूस मनातल्या मनात बोली बदलत नाही. सगळं गाणं वऱ्हाडीत करा असं मी म्हणत नाही, तसं केलं की लगेच गंमतगाणं होतं आणि मुंबईचे लोक टाळ्या पिटतात, ते मला आणखी खुपतं. पण 'करून राहिली', 'येऊन राहिला' एवढी क्रियापदं जरी सहज आली तरी गाणं तिचं होतं. लिहिणारा इथलाच घ्या. वादकही इथे आहेत. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांत हंगामभर रात्र रात्र ऑर्गन आणि ढोलकी वाजवणारी माणसं आहेत, त्यांना प्रसंगाबरोबर लय ओढायला-सोडायला शिकवावं लागत नाही.

जाता जाता, ही आमच्या गावची खास अडचण. मे महिन्यात शूट केलंय म्हणता, म्हणजे दुकानातल्या प्रसंगांत कुठेतरी कूलरची घूं असणारच, कितीही बंद करून शॉट घेतले तरी शेजारच्या दुकानाचा चालू असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, मोटारींची घूं साधारण १०० हर्ट्झवर बसते. पेटीवरच्या पट्ट्या घ्या: पांढरी पाचचा खालचा स्वर ९८ हर्ट्झचा, काळी चारचा जवळजवळ १०४ चा. म्हणजे त्या प्रसंगावरचं गाणं काळी चारमध्ये असेल तर घूं आणि बेस एकमेकांना घासत राहतात आणि काय खटकतंय ते कोणालाच सांगता येत नाही. पांढरी पाचमध्ये आणलं की ती घूं तानपुऱ्यासारखी मागे विरून जाते. गायिकेला ती पट्टी झेपत नसेल तर मात्र घूं साफ करा, गायिकेला छळू नका.

आता ओळख घडवायची म्हणजे काय, ते. 'मंज़िल' (१९७९) मध्ये 'रिमझिम गिरे सावन' दोनदा येतं, एकदा मैफलीत किशोरकुमारच्या आवाजात आणि एकदा मुंबईच्या खऱ्या पावसात लताच्या. चाल एकच, आर. डी. बर्मनची. एकदा लोकांसमोर गायलेलं, एकदा दोघांचंच झालेलं. तुम्हाला पाच नवी गाणी नकोत. दोन चाली पुरे, नीट पेरलेल्या. मुख्य चाल पहिल्यांदा नायक घरी कीबोर्डवर अर्धवट वाजवताना येऊ द्या, त्याची आई "बंद कर ते" म्हणून मध्येच तोडेल. दुसऱ्यांदा मुलगी दुकानात काचा पुसताना तीच गुणगुणते, कुठे ऐकली ते तिला आठवत नाही. शब्द अजून आलेले नाहीत. मग शेवटी पूर्ण गाणं शब्दांसकट लागतं तेव्हा प्रेक्षकाच्या कानाला ते जुनं झालेलं असतं. लेबलकडून जी आठवण तुम्ही विकत घेणार होता ती तुम्ही दीड तासात फुकट तयार केलीत. यासाठी चाल शूटच्या आधी तयार हवी, हे खरं. तुमचं शूट झालंय, पण कीबोर्डचे हात जवळून दाखवणारे चार शॉट आणि गुणगुणण्याचं डबिंग, एवढं अजून करता येईल.

आणि इथेच तुमचं धुमाल कामाला येतं. गंमत बघा: खऱ्या वरातीत धुमालवाल्यांनी कुठलंही सुपरहिट गाणं वाजवलं तरी कायद्याची हरकत नाही. लग्नाची मिरवणूक आणि लग्नाचे समारंभ यांना कलम ५२ मध्ये स्पष्ट सूट आहे. पण तुमची वरात खोटी आहे. त्यातला नवरदेव नट आहे, म्हणून ती सूट तुम्हाला नाही, धुमाल अस्सल असलं तरी. काढून टाकू नका, सोपा उपाय आहे. ढोल-ताशांचा ठेका त्यांचा स्वतःचा, त्यावर लेबलचा हक्क नाही. अडचण आहे ती वर कीबोर्डवर वाजणाऱ्या धुनेची. त्याच मंडळींना परत बोलवा, मोकळ्या जागेत तोच ठेका त्याच लयीत वाजवून घ्या आणि वर तुमच्या चित्रपटाची मुख्य चाल वाजवून घ्या. गाण्यावर ओठ कोणाचे हलत नाहीत, नाचणाऱ्यांचे पाय लयीवर आहेत, चित्राला धक्का लागत नाही. प्रेक्षकाला वाटेल की हे गाणं बाजारात आधीपासून आहे, नाहीतर धुमालवाले काऊन वाजवतील? तुमच्या नव्या चालीला हिट असल्याचा शिक्का याहून स्वस्तात मिळणार नाही. वादकांना पैसे द्या आणि प्रत्येकाकडून आवाज व चेहरा वापरायची लेखी परवानगी घ्या, नुसत्या मालकाच्या सहीवर विसंबू नका.

संगीतकार आणि गीतकाराशी करार करताना "एकरकमी, पुढे काहीही मागणार नाही" असं कलम कोणी लिहून आणलं तर पैसे वाया घालवू नका. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर वाजतं ते सोडून इतर वापरांच्या रॉयल्टीतला त्यांचा वाटा २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यांना सोडताच येत नाही. त्यांना आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हायला सांगा, आणि तुम्ही प्रत्येक गाण्याचा तक्ता ठेवा: नाव, गीतकार, संगीतकार, किती सेकंद, पात्रांनी ऐकलेलं की वरून लावलेलं. ओटीटीवाले हा तक्ता पहिल्याच दिवशी मागतात.

ट्रेलरमध्ये ते एक विकत घेतलेलं गाणं घालायचा मोह होईल. परवान्यात ट्रेलर लिहिलेला नसेल तर यूट्यूबची गाणी आपोआप ओळखणारी यंत्रणा, कंटेंट आयडी, ते काही मिनिटांत पकडेल आणि जाहिरातीचे पैसे लेबलकडे जातील किंवा व्हिडिओच बंद होईल. ट्रेलर धुमालवर कापा. आणि धुमालवाल्यांना तुळशीचं लग्न लागायच्या आत गाठा, एकदा लग्नसराई सुरू झाली की ते तुमचा फोनही उचलणार नाहीत.